एकाचं चिलखत वाजलं म्हणून सगळेच पकडले जावेत का? गटाने लपून जाण्याचे रोल कसे हाताळावेत

पाच जणांनी पाऊण तास खपून बेत आखला होता. रात्रीचा तिसरा प्रहर, मागच्या बाजूचा दिंडी दरवाजा, पहारा बदलायची वेळ, सगळं ठरलेलं. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी होतो. मी म्हणालो, "बरं, सगळ्यांनी स्टेल्थ टाका." रोगचे २३ आले, ड्रुइडचे १७, आणि चेन मेल हे कड्यांचं चिलखत घातलेल्या फायटरचे ३. पहारेकऱ्याने शिंग फुंकलं, लढाई जुंपली आणि पाऊण तासाचा बेत एका मिनिटात पाण्यात गेला. पुढच्या सेशनला पुन्हा लपून जायची वेळ आली, तेव्हा फायटर खेळणारा मित्र म्हणाला, "तुम्ही जा आत, मी घोडे सांभाळतो." एका खेळाडूला बाहेर घोडे सांभाळत बसावं लागत असेल तर चूक त्याच्या फाशांची नाही, माझी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

(ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी: स्टेल्थ टाकणं म्हणजे वीस बाजूंच्या फाशात लपण्याच्या कौशल्याचा बोनस, म्हणजे मॉडिफायर, मिळवणं; पार्टी म्हणजे खेळाडूंचा गट; ड्रुइड रानातला जादूगार, फायटर लढवय्या. आणि रोग म्हणजे आजार नव्हे, चोरपावलांनी वावरणारा गडी. आमच्या टेबलवर अजूनही कुणी "माझा रोग पुढे जातो" म्हटलं की स्वयंपाकघरातून आईचा प्रश्न येतो.)

इथे मी मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे बहुतेक टेबलांवर तीच चालते. २०१४ आणि २०२४ च्या पुस्तकांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

आधी गुणाकार

चौघांपैकी प्रत्येकाची निभावून जायची शक्यता ७० टक्के धरा. ऐकायला बरी वाटते. पण चौघांनीही निभावलं पाहिजे अशी अट घातली की ०.७ ला चार वेळा गुणावं लागतं आणि हातात २४ टक्के उरतात. आता उलट बाजू बघा. सहा पहारेकरी आहेत, प्रत्येकाला चाहूल लागायची शक्यता ३० टक्के. तुम्ही सहाही जणांसाठी वेगळा परसेप्शन (चाहूल घेण्याचा रोल) टाकलात तर कुणा ना कुणाला चाहूल लागण्याची शक्यता ८८ टक्के होते. म्हणजे पहारेकरी पेंगुळलेले असले तरी नुसत्या संख्येने पार्टी पकडली जाते.

कोंडाजी फर्जंदाने १६७३ साली ६० माणसांनिशी पन्हाळा घेतला. त्या साठातल्या प्रत्येकाला आपण उदार होऊन ९५ टक्के शक्यता दिली आणि प्रत्येकाकडून रोल मागितला, तर साठही जण निभावण्याची शक्यता ५ टक्क्यांच्याही खाली जाते. डीएम मी असतो तर पन्हाळा काही हाती लागला नसता.

पहारेकऱ्याचे कान किती तिखट आहेत यापेक्षा आपण रोल किती जणांकडून आणि किती वेळा मागतो यावर निकाल जास्त ठरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या तो आकडा ताब्यात ठेवण्यासाठी आहेत.

पायरी १: रोल हवाच का?

ऐकायला कुणी नसेल तर रोल नको. वादळात, धबधब्याशेजारी, पहारेकरी दोन दालनं पलीकडे असताना चौघं चालत गेले तर गेले. उलट, भर दुपारी मोकळ्या मैदानातून पहारेकऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणी लपू शकत नाही. तिथे २५ आले तरी उपयोग नाही, तेव्हा ते फासे हातात घ्यायच्या आधीच सांगून टाका. "टाक बघू" म्हणून टाकायला लावायचं आणि मग नाही म्हणायचं, याने खेळाडू जेवढा चिडतो तेवढा तो कॅरेक्टर मेल्यावरही चिडत नाही.

आवाज कुठवर पोचतो याचा एक चांगला अंदाज डीएम समोर उभा करतो त्या पुठ्ठ्याच्या पडद्यावर छापलेला आहे. दबक्या पावलांनी चालणाऱ्यांचा आवाज २डी६ (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) गुणिले ५ फूट, नेहमीच्या वावराचा २डी६ गुणिले १०, मोठ्या गोंगाटाचा २डी६ गुणिले ५०. सरासरी काढली तर अनुक्रमे ३५, ७० आणि ३५० फूट. मी हे फासे क्वचितच टाकतो, पण तीन आकडे पाठ आहेत. पहारेकरी १०० फुटांवर असेल आणि पार्टी दबकत चालली असेल, तर मी रोल मागतच नाही.

पायरी २: एक रोल कुठून कुठपर्यंत?

बहुतेक टेबलांवर खेळ इथेच बिघडतो. डीएम दिंडीशी एक रोल मागतो, जिन्यावर एक, अंगणात एक, कोठाराच्या दाराशी एक आणि परतताना एक. गटाची शक्यता दर वेळी ६९ टक्के धरली तरी पाच रोलमध्ये ती १६ टक्क्यांवर येते. मुद्दाम असं करायचं डीएमच्या मनात नसतं. नकाशात पाच खोल्या असतात, म्हणून पाच रोल होतात.

मी नकाशाऐवजी धोका बदलतो का ते बघतो. तेच पहारेकरी, तोच उजेड, तीच जमीन असेल तोवर एकच रोल चालतो. कुत्रा आला, मशाली आल्या, पायाखाली खडी आली, की नवा टप्पा. एका किल्ल्यासाठी तीन टप्पे पुष्कळ झाले. तीनपेक्षा जास्त होत असतील तर तुम्ही घुसखोरी खेळवत नाही आहात, पकडायची वाट बघताय.

आणि रोलच्या आधी टप्पा मोठ्याने सांगा: "हा रोल तटाच्या पायथ्यापासून दिंडीच्या आतल्या देवडीपर्यंत. निभावलात तर देवडीत उभे आहात, कुणाला पत्ता नाही." हे एक वाक्य बोललात की नंतर "अजून एकदा टाका" म्हणायचा मोह आपोआप आवरतो.

पायरी ३: टाकायचं कुणी?

निरनिराळ्या खेळांनी याला निरनिराळी उत्तरं दिली आहेत. सगळी मोकळेपणाने वापरता येतात.

सगळ्यांत जुनं उत्तर मला अजूनही आवडतं. १९८१ च्या बेसिक नियमांत अचानक गाठ पडली की प्रत्येक बाजूने एकच सहा बाजूंचा फासा टाकायचा, १ किंवा २ आले तर ती बाजू गाफील. बाजूला चार जण असोत की चाळीस, फासा एकच. चोराला वेगळं टक्केवारीचं कौशल्य होतं, पण पहिल्या पातळीवर बिनआवाज चालायची शक्यता २० टक्के आणि सावलीत लपायची १०. असला चोर पुढे पाठवण्यापेक्षा मांजर पाठवलेलं बरं.

पाचव्या आवृत्तीत २०१४ च्या पुस्तकात ग्रुप चेक आहे: सगळ्यांनी टाकायचं, निम्मे किंवा जास्त यशस्वी झाले तर अख्खा गट यशस्वी. फरक किती पडतो ते तिसऱ्या पातळीच्या पार्टीवर बघू. रोग +७, ड्रुइड +४, स्केल मेल या खवल्यांच्या चिलखतातला क्लेरिक (पुजारी) +० आणि डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा), चेन मेलमधला फायटर +१ आणि डिसॲडव्हान्टेज. समोर साधा पहारेकरी, पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरायचा चाहुलीचा आकडा) १२, आणि बरोबरी झाली तर लपणारा जिंकतो असं आपण ठरवलंय. एकेकाची शक्यता ८०, ६५, २० आणि २५ टक्के. चौघंही निभावण्याची शक्यता तीन टक्क्यांहून कमी. ग्रुप चेकने हीच शक्यता ६९ टक्के होते. पार्टी तीच आहे आणि पहारेकरीही तोच.

पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळा विचार आहे. तिथे तरबेज माणसाच्या मागोमाग चालता येतं. तो जितका वरच्या दर्जाचा, तितका मागच्याला +२, +३ किंवा +४ बोनस, शिवाय कौशल्य शिकलेलं नसलं तरी स्वतःची पातळी मिळवता येते. क्वायट अलाइज हे फीट (निवडून घ्यायची खास क्षमता) घेतलं तर सगळ्यांच्या वतीने एकच रोल, मात्र सगळ्यांत कमी मॉडिफायर धरून. ब्लेड्स इन द डार्क या खेळात याच्या उलट: सगळे टाकतात, सगळ्यांत चांगला फासा धरतात, आणि ज्याचा फासा १ ते ३ आला त्या प्रत्येकामागे म्होरक्याला एक स्ट्रेस (ताणाचा गुण) बसतो. कच्च्या गड्याचं ओझं म्होरक्याच्या डोक्यावर. मला हे फार पटतं, कारण प्रत्यक्षातही तसंच असतं.

मी काय करतो? कुणाच्या नजरेआडून निघून जायचं असेल तर ग्रुप चेक. दबा धरून हल्ला करायचा असेल तर पुस्तकातला कडक नियम. २०१४ मध्ये लपलेल्या प्रत्येकाचा स्टेल्थ समोरच्या प्रत्येकाच्या पॅसिव्हशी ताडायचा असतो, आणि एका जरी हल्लेखोराची चाहूल लागली तरी तो पहारेकरी गाफील धरला जात नाही. हा भेदभाव मी मुद्दाम करतो. त्या नियमांत गाफील सापडलेल्याची पहिली पाळी अख्खी वाया जाते. तेवढं मोठं घबाड निम्म्यांच्या यशावर मिळू नये. तिथे फायटरला मागे ठेवायचा निर्णय डावपेच म्हणून शोभतो, आणि लढाई जुंपली की तो धावत येतोच. २०२४ मध्ये गाफील असण्याचा परिणाम इनिशिएटिव्हवर (पाळी ठरवणाऱ्या रोलवर) डिसॲडव्हान्टेज एवढाच उरला आहे, त्यामुळे त्या नियमांनी खेळत असाल तर दब्यालाही ग्रुप चेक लावायला माझी हरकत नाही.

२०२४ वाल्यांची एक गल्लत नेहमी दिसते. तिथे हाइड (लपणे) या ॲक्शनला डीसी (गाठायचा आकडा) १५ आहे, आणि तुमचा आलेला आकडा पुढे शोधणाऱ्यासाठी डीसी होतो. ते लढाईच्या मध्यात एकट्याने खांबामागे दडण्यासाठी ठीक. रात्रभराच्या घुसखोरीला चौघांकडून १५ मागत बसू नका. तिथे गटाचा रोल पहाऱ्याच्या आकड्याशी लावा.

पायरी ४: पहाऱ्याचा आकडा

पहारेकऱ्यांसाठी फासे टाकू नका. दोन्ही बाजूंनी फासे पडले की निकाल लॉटरीसारखा होतो. पॅसिव्ह परसेप्शन त्यासाठीच आहे: १० अधिक मॉडिफायर, ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा धरायचा) असेल तर ५ जास्त, डिसॲडव्हान्टेज असेल तर ५ कमी. एका चौकीवर सहा जण असले तरी आकडा एकच, त्यांच्यातला सगळ्यांत मोठा. जास्त माणसं म्हणजे जास्त दिशांना नजर, एवढंच मी धरतो. पार्टीला सुटायला कोपरे कमी मिळतात, त्यातच ते येऊन गेलं.

मंद उजेडात डोळ्यांवर विसंबलेल्याला डिसॲडव्हान्टेज, म्हणजे १२ चे ७. डार्कव्हिजन (अंधारात बघायची शक्ती) असलेले गॉब्लिन, म्हणजे खुजे राक्षस, अंधारात दिवसासारखं बघतात असं खेळाडूच काय, डीएमही समजून चालतात. तसं नाही. त्यांना पूर्ण अंधार मंद उजेडासारखा दिसतो, त्यामुळे त्यांचे ९ चे ४ होतात. चौकी पत्ते कुटत बसली असेल तरी मी ५ कमी करतो. दोनदा मात्र वजा करायचं नाही. डिसॲडव्हान्टेज कितीही कारणांनी आला तरी एकदाच.

खरा शत्रू कुत्रा. २०१४ च्या पुस्तकात मॅस्टिफ जातीच्या कुत्र्याचं पॅसिव्ह १३ दिसतं, पण वासाला आणि आवाजाला त्याला ॲडव्हान्टेज असल्यामुळे प्रत्यक्षात १८. अंधाराने त्याला फरक पडत नाही. तुमच्या पार्टीत रोगचा स्टेल्थ फार वाढला असेल आणि घुसखोरी फारच सोपी होत असेल, तर पहारेकऱ्यांचे आकडे फुगवू नका, अंगणात एक कुत्रा सोडा. खेळाडूंना तो दिसतो आणि ते त्याच्यावर उपाय शोधतात. फुगवलेला आकडा कुणालाच दिसत नाही.

पायरी ५: खेळाडूंना आकडा बदलू द्या

फासे टाकण्याआधी विचारा: "वाजू नये म्हणून काय करताय?" चेन मेल उतरवायला ५ मिनिटं आणि चढवायला १० लागतात. स्केल मेलला अनुक्रमे १ आणि ५. फायटरने चिलखत काढून पोत्यात बांधलं तर त्याचा डिसॲडव्हान्टेज गेला, पण कोठारात लढाई झाली तर तो सदऱ्यावर लढणार. असा सौदा समोर ठेवला की बिनचिलखताचा फायटर घोड्यांपाशी न थांबता आत यायला तयार होतो.

पास विदाउट ट्रेस या स्पेलबद्दल (मंत्राबद्दल) वेगळं बोलावं लागेल. ३० फुटांच्या आतल्या साथीदारांना स्टेल्थवर +१०, तासभर, कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावरचं लक्ष) टिकेल तोवर. वरच्या पार्टीची चौघंही निभावण्याची तीन टक्क्यांहून कमी असलेली शक्यता याने ९० टक्के होते, कारण क्लेरिकने दोन्ही फाशांवर १ टाळला की झालं आणि स्किलच्या रोलमध्ये १ आल्याने आपोआप अपयश येत नाही. अनेक डीएम या स्पेलला वैतागतात. मी वैतागत नाही. तिसऱ्या पातळीच्या ड्रुइडकडे दुसऱ्या लेव्हलचे दोनच स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी) असतात, त्यातला एक त्याने सगळ्यांसाठी खर्च केला आहे. त्याला ते यश भोगू द्या. फक्त लक्षात ठेवा: रोलला मदत करणाऱ्या गायडन्स या स्पेललाही कॉन्सन्ट्रेशन लागतं, दोन्ही एकाच वेळी चालणार नाहीत. आणि दोन्ही स्पेल तोंडाने बोलावे लागतात, तेव्हा ते चौकीच्या भिंतीला टेकून नव्हे, झाडीत असतानाच टाकायचे.

पायरी ६: फसलं म्हणजे काय?

माझ्याकडे चार पायऱ्यांची शिडी असते आणि ती मी कागदावर खेळाडूंसमोर ठेवतो: निवांत, कान टवकारलेले, शोधाशोध, गजर. ग्रुप चेक फसला की एक पायरी वर. सगळेच्या सगळे फसले तर दोन. "कान टवकारलेले" म्हणजे पहारेकरी "कोण रे तिकडे?" म्हणतो आणि चार पावलं पुढे येतो. जगातला कुठलाही पहारेकरी पहिल्या खडखडाटाला शिंग फुंकत नाही. मांजर असेल, माकड असेल, नाही तर आपलाच नाईक असेल. उगाच गजर केला तर शिव्या त्यालाच बसणार.

निम्मे यशस्वी झाले पण कुणी तरी फसलं, तर गट सुटला. शिडी हलत नाही, मात्र फसलेल्यामुळे काहीतरी किंमत पडते: पखाल सांडली, मशाल विझली, दोर वरच राहिला. ही किंमत काय ते मी फसलेल्यालाच विचारतो. खेळाडू स्वतःवर जी आफत ओढवून घेतात ती माझ्या डोक्यातल्या आफतीपेक्षा नेहमी रंगतदार असते.

शिवाय एक घरचा नियम, पुस्तकातला नाही: ज्याने पहाऱ्याच्या आकड्यापेक्षा ५ किंवा जास्त टाकले त्याने फसलेल्या एकाला सावरून घ्यायचं, पण कसं ते सांगून. "मी त्याची तलवार म्यानासकट धरून ठेवते" एवढंही चालतं.

पायरी ७: पार्टीवरच दबा धरला असेल तर

इथे उलटी अडचण असते. "सगळ्यांनी परसेप्शन टाका" म्हटलं की ज्यांचे ४ आले तेही तलवारी उपसतात. म्हणून प्रत्येक कॅरेक्टरचं पॅसिव्ह परसेप्शन एका कार्डावर लिहून ठेवा आणि काही न विचारता गॉब्लिनचा स्टेल्थ त्याच्याशी ताडा. गॉब्लिनची टोळी असेल तर सगळ्यांचा मिळून एकच रोल, +६ ने. १० वेळा टाकलंत तर कुणाचा तरी २ येणारच, आणि दबा कधी साधणारच नाही.

प्रवासात कोण काय करतंय हे आधीच विचारून घ्या. नकाशा काढणारा, माग काढणारा, रानात खायला शोधणारा यांचं पॅसिव्ह धोक्याच्या बाबतीत धरायचं नाही, असा २०१४ चा नियम आहे. भरधाव चालणाऱ्यांच्या पॅसिव्हमधून ५ वजा, आणि लपत जायचं असेल तर सावकाश चाल लागते. कोण पुढे, कोण मागे तेही लिहा. मागून येणारा लांडगा पुढच्याला दिसू नये.

एक रात्र खेळून बघू

वरचीच पार्टी, एक डोंगरी किल्ला. ड्रुइडचे स्लॉट दुपारीच संपले आहेत. पहिला टप्पा रानातून तटापर्यंत. अमावस्या, वारा भणाणतोय, पहारेकरी माणसं आहेत आणि वर मशालीच्या उजेडात बसली आहेत. रोल मागितला नाही. पोचले.

दुसरा टप्पा दिंडी ते आतली देवडी. दोन पहारेकरी, आकडा १२. रोग १९, ड्रुइड १४, क्लेरिक ८, फायटर ६. चारांतले दोन, म्हणजे सुटले. रोगचे ७ वरचढ होते, तिने फायटरला ओढून कोनाड्यात कोंबलं. क्लेरिकला विचारलं काय झालं. तो म्हणाला, "माझी जपमाळ कडीला अडकली आणि मणी सांडले." पहाऱ्याने ऐकलं नाही, पण सकाळी झाडणाऱ्याला ते मणी सापडणार. मी टिपून ठेवलं.

तिसरा टप्पा अंगण, आणि तिथे मॅस्टिफ. आकडा १८. सगळे गप्प बसले. मग फायटरवाला म्हणाला, "संध्याकाळच्या मटणातलं नळीचं हाड माझ्याकडे आहे." हाड मिळालं की कुत्रं त्यातच गुंतणार, म्हणून डिसॲडव्हान्टेज दिला. तो आणि नाकाचा ॲडव्हान्टेज एकमेकांना कापतात, उरले १३. टाकले. ड्रुइड १५, क्लेरिकचे नेमके १३, फायटर ४, आणि रोगचे, सगळे माना उंचावून बघत असताना टाकलेले, १२. पुन्हा निम्मे. सुटले, पण दोघांची किंमत बाकी. रोग चिडून काही सांगेना, तेव्हा मी फायटरला विचारलं.

तो म्हणाला, "ती कुत्री भुंकत नाही. अजून एक हाड मिळेल म्हणून माझ्या मागे मागे येते."

आली ती आलीच. नऊ सेशन झाली, पार्टीसोबतच आहे. नाव ठमी, पॅसिव्ह परसेप्शन १८, आणि घोडे आता ती सांभाळते.